दाजींनी धरलेलं बोट

कासव चावलं असं सांगितलं की माणसं आधी हसतात. मी थांबतो, हसू देतो, आणि मग उजव्या हाताची तर्जनी त्यांच्यासमोर धरतो. हसू तिथेच आटपतं. त्यानंतर काही जण विचारतात, "पण कासव तर गरीब असतं ना हो?" आणि बाकीचे सांगू लागतात की असली कासवं बोट तोडून गिळतात, झाडूच्या दांडीचे दोन तुकडे करतात, आमच्या ग्रुपवर व्हिडिओ आला होता. दोन्ही बाजू चुकीच्या आहेत. त्या दोघांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

मी पेशाने हिशेबनीस. मस्कतमध्ये वादी कबीरला गाड्या दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीचे अकाउंट्स बघतो आणि तिथेच एका इमारतीत तळमजल्यावर राहतो. घरी बायको मंजिरी आणि अकरावीतली मुलगी ऋचा. जे मोजून पाहिलं नाही ते ठासून बोलायचं नाही, अशी माझी सवय आहे. मंजिरी तिला खोड म्हणते. त्यामुळे इथे माझ्या बोटाचं जे झालं तेवढंच आहे. त्यापलीकडचं ज्ञान हवं असेल तर डॉक्टरकडे जा. लवकर जा.

दाजी

आखातात एक रीत आहे. एखादं कुटुंब कायमचं परत निघालं, ज्याला आम्ही सगळे फायनल एक्झिट म्हणतो, की त्यांचा संसार मागे राहणाऱ्यांत वाटला जातो. कुणाकडे फ्रिज जातो, कुणाकडे तुळस, कुणाकडे पाट आणि चौरंग. नको म्हणायचं नसतं, कारण आज ना उद्या आपलीही पाळी येणार असते. वरच्या मजल्यावरचे सावंत निघाले तेव्हा आमच्या वाट्याला पुरणयंत्र, दोन कुंड्या आणि एक कासव आलं.

"आणलं तेव्हा नाण्याएवढं होतं हो," सावंतवहिनी म्हणाल्या. "काही त्रास नाही याचा. जावयासारखं बसून असतं, समोर ठेवाल ते खातं."

"मग दाजीच म्हणायचं," मंजिरी म्हणाली, आणि तेच नाव पडलं.

दाजी आले तेव्हा जेवणाच्या ताटाएवढे होते. काळपट तपकिरी पाठ, सुसरीसारखं काटेरी, लांब शेपूट, वरच्या ओठाला पोपटासारखी आकडी. डोकं आणि पाय ते कधीच पूर्ण आत घेत नसत, कारण घेताच येत नव्हते. पोटाखालचं कवच जेमतेम लंगोटीएवढं. हे सगळं रोज डोळ्यांसमोर होतं. पण कासव म्हणजे कासव, दुसरा विचारच आला नाही.

आता एक गोष्ट सांगतो, ती मराठी वाचकाला लगेच कळेल. आमच्या गावच्या देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव आहे. आत जाण्याआधी वाकून त्याच्या पाठीला बोटं लावायची, तीच बोटं कपाळाला लावायची. लहानपणापासून हात आपोआप जातो. आमच्या फ्लॅटमध्ये देव्हारा मागच्या दाराशी आहे आणि मागच्या दारातच, कपडे धुवायच्या जागेत, दाजींचा टब. पहिल्याच दिवशी आंघोळ करून पूजेला निघालो आणि हात गेला. मग घराचा तो नेमच झाला. ऋचासुद्धा परीक्षेच्या दिवशी लावायची. दाजी पाण्यात पडून असत. फार तर थोडे खाली बुडत.

त्यांनी कधी तोंड वळवलं नाही. पाण्यात कधी वळवलं नाही, असं म्हणायला हवं.

टब

तो निळा टब मुळात आमचा विसर्जनाचा. आमच्याकडे दीड दिवसाचा शाडूचा गणपती असतो आणि घरच्या घरीच त्याचं विसर्जन करतो. सावंतांनी दिलेलं घमेलं दाजींना पुरेना तेव्हा त्यांना त्या टबात बढती मिळाली. त्या वर्षी गणपतीला आम्ही गावी होतो, म्हणून अडचण आली नव्हती. या वर्षी आली. टब घासून धुवायचा तर दाजींना बाहेर काढायला हवं. चतुर्थीच्या सकाळी ऋचाने खाली ट्रे सरकवून त्यांना उचललं आणि कोरड्या फरशीवर ठेवलं.

मी आंघोळ करून सोवळं नेसून आलो. डाव्या हातात दुर्वांची जुडी. दाजी वाटेतच होते. नेहमीसारखा वाकलो आणि उजव्या हाताची बोटं पाठीला लावली.

त्या प्राण्याची मान इतकी लांब असते आणि उलटी वळून पाठीपर्यंत येते, हे मला माहीत नव्हतं. ती येताना मी पाहिलीही नाही. तर्जनीचं पुढचं पेर एकदम त्याच्या तोंडात होतं.

"बाबा, डोन्ट पुल! ओढू नको!" ऋचा ओरडली.

मी ओढलं. कोणीही ओढेल. पण नंतर सर्जनने मला स्पष्ट सांगितलं की चाव्याने दोन काप गेले होते, बाकीचं फाटलं ते माझ्या ओढण्याने. ऋचाने अर्धा भरलेला टब तसाच आमच्या दोघांवर उलटा केला. अंगावर पाणी आलं तशी दाजींनी पकड सोडली आणि पायांनी फरशी खरवडत वॉशिंग मशीनखाली गेले.

मंजिरी उकडीचे हात घेऊन स्वयंपाकघरातून धावत आली. "काय झालं?"

"दाजींनी धरलं."

"सोडलं ना?"

"सोडलं."

"नळाखाली धरा आधी. साबण लावा. आणि चला हॉस्पिटलला."

नळाखाली धरलं, पण आग झाली तसं लगेच काढून घेतलं. पेराच्या गादीवरचं मांस झाकणासारखं सुटलं होतं. त्यात हळद दाबली, वर फडकं घट्ट बांधलं. हॉस्पिटलला गणपती बसला की जाऊ, असं म्हणालो. गणपती बसल्यावर म्हणालो, आरती झाली की. आरती झाल्यावर पाहुणे आले होते. पाहुणे गेल्यावर म्हणालो, आता विसर्जन करूनच जातो, घरात गणपती असताना यजमानाने बाहेर पडायचं नाही. ही सगळी वाक्यं माझी आहेत आणि त्या वेळी ती मला अगदी सयुक्तिक वाटली होती.

गाडीत बस

इक्बालभाई माझे जुने मित्र. मूळचे रत्नागिरीकडचे, मस्कतपासून तासाभरावर बरका गावात स्पेअर पार्ट्सचं दुकान. दरवर्षी मोदकांना येतात. त्या दुपारी आले आणि माझ्या हाताकडे बघून आधी पोटभर हसले.

"कासवानं चावलं? अरे आमच्या किनाऱ्यावर येवढी कासवं येतात, अंडी घालतात नि निघून जातात. कधी कोणाला चावली नाय. तुझंच बोट गोड लागलं काय त्याला?"

मीही हसलो. संध्याकाळपर्यंत बोटात नाडीचे ठोके पडू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं सोडलं तेव्हा बोट वांग्यासारखं जांभळं आणि चकचकीत झालेलं. ते अर्धवट वाकून राहिलं होतं, सरळ होईना. मनगटाच्या वर एक लाल रेघ चढत होती. ताप एकशे दोन. मी थर्मामीटर झटकून पुन्हा लावला, मंजिरीने तो माझ्या तोंडातून काढून घेतला.

"किती वेळा मोजणार? मोजल्याने उतरणार आहे का?" आणि तिने इक्बालभाईंना फोन केला.

ते दुकान सोडून आले तोवर दुपार झाली होती. या वेळी हसले नाहीत. "गाडीत बस."

"उत्तरपूजा झालीय. विसर्जन तेवढं..."

"तुझा बाप्पा थांबेल रे. ताप नाय थांबायचा. बस."

मंजिरी माझ्याबरोबर निघाली. विसर्जन ऋचा करणार असं ठरलं. तिचं मराठी इथल्या शाळेतल्या मुलांसारखं अडखळतं. मी गाडीत बसलो तरी ती दारात मूर्ती घेऊन उभी. "बाबा, एग्झॅक्टली काय बोलायचं मी?"

"पुढच्या वर्षी लवकर या म्हण."

"एवढंच?"

"एवढंच. आणि दाजींच्या जवळ जाऊ नकोस."

सीधा करो

सर्जन केरळचे होते, माझ्याच वयाचे. नाव मॅथ्यू. त्यांनी बोट खालून हलकेच सरळ करायचा प्रयत्न केला आणि मी खाटेवर बसल्या जागी अर्धा फूट वर आलो. त्यांना तेवढंच बघायचं होतं.

"किसने काटा?"

"कछुए ने."

"कब?"

"कल सुबह."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "कल सुबह. और आप आज आए हैं."

"घर में गणपती थे, डॉक्टरसाब."

"मेरे घर में ओणम था," ते म्हणाले. "मैं फिर भी यहाँ हूँ."

मग त्यांनी कागदावर बोटाचं चित्र काढून दाखवलं. बोट वाकवणारी दोरी एका नळीतून जाते. टबातलं घाण पाणी कासवाच्या चोचीबरोबर त्या नळीत गेलं. वरून मी हळदीचं बूच बसवलं. आत पू साठला आणि आता तो तळहाताकडे उतरतो आहे. नळी उघडून धुवायला हवी, आणि तीही आजच. निदान एवढंच होतं. मला ते चित्र पटलं. पाइपात कचरा अडकला तर पाइप उघडावाच लागतो.

"उँगली टूट गई है क्या?" मंजिरीने विचारलं.

"हड्डी को कुछ नहीं हुआ. कछुए ने नहीं तोड़ी. लेकिन इन्फेक्शन उँगली ले सकता है. हाथ भी."

झाडूच्या दांडीचे तुकडे सांगणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं. माझं हाड शाबूत होतं. मला धोका होता तो टबातल्या पाण्याचा आणि मी घालवलेल्या दीड दिवसाचा.

वॉर्ड

पहिली शस्त्रक्रिया झाली, दुसरी झाली. मध्ये रोज सकाळी ड्रेसिंग. ट्रॉलीच्या चाकांचा आवाज लांबून यायचा आणि माझे पाय आपोआप पोटाशी जायचे. सिस्टर आत भरलेली पट्टी चिमट्याने ओढून काढायची. ती सांगायची, "अंकल, खिडकी के बाहर देखो." बाहेर पार्किंग आणि त्यामागे उघडा डोंगर. त्या डोंगराचा एकेक कंगोरा मला पाठ झाला.

शेजारच्या खाटेवर खाबुरा गावचे एक म्हातारे ओमानी शेतकरी होते, सालिमचाचा. अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं. हिंदी चांगली येत होती. मला काय झालं हे कळल्यावर ते इतके हसले की टाके धरून बसावं लागलं.

"कुत्ता नहीं, साँप नहीं, सुलहफा!" म्हणजे कासव. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ते माझ्याकडे बोट दाखवून तेच सांगत. त्यांचा मुलगा, जावई, भाऊ, सगळे येऊन माझा हात बघून गेले. मला राग यायला हवा होता. पण ते मला स्वतःच्या हाताने खजूर भरवायचे, बी काढून, कारण डाव्या हाताने मला ते जमत नव्हतं. त्यामुळे राग काही टिकला नाही.

भीती होतीच. ती मरणाची नव्हती. उजव्या हाताच्या तर्जनीने मी लिहितो, कॅल्क्युलेटर चालवतो, गंध लावतो. याच बोटाच्या ठशाने ऑफिसची हजेरी लागते, याच ठशावर माझं रेसिडेंट कार्ड आहे. या देशात मी कोण आहे हे सांगणारं बोट ते. ते गेलं तर जगणं थांबणार नाही हे मला कळत होतं. पण ते मला द्यायचं नव्हतं.

सही

तिसऱ्यांदा धुण्याच्या आदल्या सकाळी डॉक्टर मॅथ्यू आले आणि खुर्ची ओढून बसले. ते कधी बसत नसत. बोटाचं टोक काळवंडलं होतं. उद्या उघडल्यावर आतलं मांस मेलेलं दिसलं तर मधल्या सांध्यापासून बोट काढावं लागेल, त्याची संमती आजच द्या, असं ते म्हणाले. ताठ, दुखरं, निरुपयोगी बोट ठेवण्यापेक्षा चार चांगल्या बोटांचा हात बरा, पुष्कळ लोक नंतर आभार मानतात.

"नाही," मी म्हणालो.

"सोच लीजिए."

"सोच लिया. नहीं."

ते गेले आणि मंजिरी उभी राहिली. इतकी वर्षं संसार केला, तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

"तुम्हाला बोट हवंय की हात? दीड दिवस मी सांगत होते. तेव्हा गणपतीचं नाव पुढे केलंत, आता कुणाचं करणार? एका पेरासाठी मला इथे एकटीला टाकून जायचा विचार आहे का?"

"तसं नाही."

"मग कसं आहे? सांगा. आकड्यांत सांगा, तुम्हाला तसंच बोलता येतं ना."

सालिमचाचांनी डोळे मिटून झोपेचं सोंग घेतलं. ऋचा खिडकीपाशी उभी होती. ती म्हणाली, "बाबा, मॅथ्समध्ये तू मला काय म्हणतोस? आन्सर नको, स्टेप्स दाखव. डॉक्टरना स्टेप्स विचार ना. ते आत काय बघून डिसाइड करणार?"

डॉक्टरांना परत बोलावलं. मी विचारलं, मेलेलं आणि जिवंत हे तुम्ही कशावरून ओळखता? ते म्हणाले, कापल्यावर रक्त आलं तर जिवंत.

"तर मग मी यावर सही करतो," मी म्हणालो. "जिथपर्यंत रक्त येत नाही तिथपर्यंत काढा. रक्त आलं की थांबा. सांधा कुठे आहे ते बघू नका. नंतर ताठ राहिलं तर ते माझं मी बघेन."

"अकड़ी रहेगी तो मुझे गाली देंगे."

"देणार नाही. लिहून देऊ?"

ते पहिल्यांदा हसले. "बहुत ज़िद्दी हैं आप." पण त्यांनी ते तसंच लिहिलं. मी डाव्या हाताने सही केली. ती कोंबडीने पाय उमटवावेत तशी आली. मंजिरीने ती वाचली. माझी उशी उगाच दोनदा ठोकून नीट केली.

शुद्धीवर आलो तेव्हा हाताला एवढा मोठा गठ्ठा बांधलेला होता की आत बोट आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. बोट दुखत होतं. पण कापलेलं बोटही दुखतं असं मी वाचलं होतं, तेव्हा तो पुरावा धरता येईना. मंजिरीला विचारायची हिंमत होत नव्हती. डॉक्टर मॅथ्यू आले, गठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखं केलं.

"खून आया. टिप पे थोड़ा चमड़ी निकाला, बस. उँगली भी आपके जैसी है."

मंजिरीने चेहरा पदरात घेतला. सालिमचाचांनी मोठ्याने अल्हमदुलिल्लाह म्हटलं आणि खजुराचा अख्खा डबा माझ्या पोटावर ठेवला.

तोंड कुणीकडे

घरी आल्यावर दुसरा आजार सुरू झाला, फोनचा. पुण्याहून मेहुण्यांनी विचारलं, "कासव घरात ठेवलं होतंत ते तोंड उत्तरेला होतं की दक्षिणेला?"

"माझ्या बोटाकडे होतं," मी सांगितलं.

कुणी शांत करून घ्या म्हणालं. कुणी म्हणालं, गणपतीतच झालं म्हणजे काहीतरी राहून गेलं असणार. राहून गेलं होतंच. हॉस्पिटलला जायचं राहून गेलं होतं. इमारतीच्या ग्रुपवर कासव कलिंगड फोडतानाचा व्हिडिओ फिरत होता. मी खाली लिहिलं की कलिंगडाला स्वतः लांब राहता येत नाही आणि साबणाने धुता येत नाही. त्यावर एकाने रडणारा चेहरा टाकला. तो कशासाठी ते मला कळलं नाही.

सगळ्यांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं, की दाजींना मारून टाका, नाहीतर वादीत, म्हणजे डोंगरातल्या एरवी कोरड्या नदीपात्रात, सोडून द्या. दोन्हीला मी नाही म्हणालो. कोरड्या फरशीवर, उघड्यावर, मागून कुणीतरी हात लावला आणि त्यांनी त्यांच्या समजुतीप्रमाणे केलं. आणि वादीत सोडायचं म्हणजे पाऊस पडून डोह भरले की तिथे पोहणाऱ्या पोरांना आपला प्रश्न देऊन मोकळं व्हायचं. ही फायनल एक्झिटची रीत मला मोडायची होती.

इक्बालभाईंच्या ओळखीचा बरक्याला एक जनावरांचा डॉक्टर निघाला. त्याने दाजींना बघताच ओळखलं. हे अमेरिकेतलं चावरं कासव, स्नॅपिंग टर्टल. पिल्लू असताना गोंडस म्हणून विकतात. कवचात शिरता येत नाही म्हणून ते जमिनीवर तोंडाने स्वतःचं रक्षण करतं. पाण्यात असलं की सहसा वाद टाळून निघून जातं. शेपटीला धरून कधी उचलायचं नाही, पाठीच्या कण्याला इजा होते. त्याने ते परवाना असलेल्या एका शेतावरच्या कुंपण घातलेल्या तळ्यात पोचवायची व्यवस्था केली. इक्बालभाईंनी क्रेट गाडीत ठेवताना त्याला बजावलं, "दाजी, सासुरवाडी सुटली तुमची. आता कोणाचं बोट मागू नका."

मला विचाराल तर धोका एवढाच आणि इतका आहे. ते माणसावर धावून येत नाही, आपणच हात नेतो. धरलं तर ओढू नका, त्याला पाण्यात उतरवा किंवा जमिनीला टेकवा, बहुतेक वेळा सोडतं. मग वाहत्या पाण्याखाली साबणाने, आग झाली तरी, भरपूर धुवा. हळद भाजीत घाला. आणि त्याच दिवशी हॉस्पिटलात जा, घरात कोणताही देव बसलेला असो.

यल्ला

ताठ राहील असं डॉक्टर म्हणाले होते, तसं ते ताठ राहिलं. फिजिओथेरपीला झुवैना नावाची ओमानी मुलगी होती, ऋचापेक्षा फार मोठी नसेल. सांध्यावर कोनमापक लावून बोट किती अंश वाकतं ते ती मोठ्याने वाचायची. मला पहिल्यांदाच त्या इमारतीत आपल्या भाषेत, म्हणजे आकड्यांत, बोलणारं कुणी भेटलं.

"पंधरा," ती म्हणाली.

"नव्वद पाहिजे."

"इन्शाल्ला सत्तर."

"नव्वद."

"बाबा, तुम मेरे साथ भाव करते हो?" आणि मेणाच्या गरम भांड्यात हात बुडवून, बाहेर काढून, ती ते बोट दाबायची. डोळ्यांतून पाणी यायचं. "यल्ला, और एक." मी शिव्या मराठीत द्यायचो. तिला त्यातल्या दोन पाठ झाल्या आणि एकदा तिने त्या अगदी योग्य जागी वापरल्या.

नव्वद झाले नाहीत. मूठ वळली की तर्जनी तळहातापासून मधून पेन्सिल जाईल एवढी लांब राहते. त्या फटीतून मी ऋचाला बघतो आणि तिला ते मुळीच आवडत नाही. गंध लावता येतं. पेन धरता येतं. अक्षर आधीही चांगलं नव्हतं.

ठसा

ऑफिसला परत गेलो त्या सकाळी हजेरीच्या मशीनवर बोट ठेवलं. लाल दिवा. पुसून ठेवलं, पुन्हा लाल. गादीवरचं मांस तिरकं जुळून आलेलं, मशीनला ते ओळखू येईना. ऑफिसातला पोरगेला अधिकारी म्हणाला, "सर, डावं बोट रजिस्टर करू या, एक मिनिटाचं काम आहे."

तात्पुरतं करून घेतलं. पण रोज आत शिरण्याआधी मी आधी उजवी तर्जनीच ठेवायचो. मागे रांग खोळंबायची. मेकॅनिक लोक म्हणायचे, "साब, खलास करो ना." मी म्हणायचो, अजून एकदा.

मग रेसिडेंट कार्डाच्या नूतनीकरणाची तारीख आली. मंजिरी बरोबर होती. काउंटरवरच्या ओमानी बाईंनी बोट काचेवर ठेवायला सांगितलं, पडद्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"ये पुराने से मिलता नहीं. क्या हुआ?"

"सुलहफा," मी म्हणालो आणि हाताने चावल्याची खूण केली.

त्यांनी आधी ओठ दाबले, मग हसल्याच. शेजारच्या काउंटरला सांगितलं, तोही हसला. "दूसरी उँगली दे दो," त्या म्हणाल्या. "आसान है."

"नहीं. यही."

मागून मंजिरी हळूच म्हणाली, "अहो, द्या ना दुसरं. काय फरक पडतो?" मी मागे वळलो नाही. माझ्या मानेवरून तिला उत्तर कळलं असावं, कारण ती पुढे आली आणि तिने पर्समधून रुमाल काढून माझं बोट स्वतः पुसलं, एखाद्या लहान मुलाचं नाक पुसावं तसं, जोर लावून. "हं, ठेवा."

बोट सपाट टेकत नव्हतं. त्या बाईंनी उठून काउंटरवरून हात पुढे केला आणि स्वतःच्या अंगठ्याने ते वरून दाबून धरलं. दुखलं. दुखू दिलं. पडद्यावर माझ्या ठशाची वलयं उमटली आणि त्यांच्या मधून आरपार एक पांढरी तिरकी रेघ. जिथे दाजींनी धरलं होतं आणि मी ओढलं होतं, ती रेघ. बाईंनी पडदा नीट बघितला आणि बटण दाबलं. हिरवा दिवा लागला.

"खलास," त्या म्हणाल्या. "नया रेकॉर्ड ले लिया. अब यही तुम्हारी उँगली है."

"पहलेसे मेरीही थी," मी म्हणालो, आणि त्यांनी पुढे सरकवलेलं नवं कार्ड त्याच बोटाने उचललं.